सूर्याचे उद्रेक एकेकटे शिकवू नका: नाशिकच्या भौतिकशास्त्र विभागांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र विभागप्रमुख,
तसेच यंदा संशोधन प्रकल्प निवडणारे एम.एस्सी.चे विद्यार्थी

सप्रेम नमस्कार.

प्रकल्पांचे विषय ठरवायची वेळ आली की पातळ थर, नॅनोकण, सौरघट, एखादं सेन्सर सर्किट हेच विषय पुन्हा पुन्हा फिरतात. ते वाईट नाहीत. पण त्यांच्या शेजारी आणखी एक विषय यंदा मांडावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. सूर्यातून लागोपाठ निघालेले दोन उद्रेक अवकाशात एकमेकांना गाठतात तेव्हा काय होतं, हे यानांच्या नोंदींवरून मोजायचं आणि संगणकावर घडवून पाहायचं. लागणारी विदा (डेटा) फुकट आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि सोळा जीबी मेमरीचा संगणक आता बहुतेक विभागांत असतो. निरभ्र आकाशाचीही गरज नाही. जुलैत गोदेला पूर आला तरी काम थांबत नाही.

उद्रेक म्हणजे इथे कोरोनल मास इजेक्शन. पुढे त्याला सीएमई म्हणू. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातून, म्हणजे प्रभामंडलातून सुटलेला, पीळ घातलेल्या चुंबकीय दोराने बांधलेला प्लाझ्माचा (विद्युतभारित वायूचा) ढग. वस्तुमान साधारण एक ते दहा अब्ज टन, वेग सेकंदाला २०० पासून ३,००० किलोमीटरपर्यंत. सौरज्वाला ही वेगळी गोष्ट. तो प्रकाशाचा भडका असतो आणि आठ मिनिटांत इथे पोचतो. ज्वाला आणि सीएमई बऱ्याचदा जोडीने येतात, पण ज्वालेशिवाय सीएमई असतो आणि सीएमईशिवाय ज्वालाही. म्हणून घटनांची यादी करताना ज्वालांची यादी उचलू नये, कोरोनाग्राफच्या (सूर्याची तबकडी झाकून भोवतालचं प्रभामंडल टिपणाऱ्या दुर्बिणीच्या) चित्रांवरूनच यादी करावी. विद्यार्थ्यांची पहिली गल्लत हमखास इथे होते.

आपल्या वर्गांत सीएमई शिकवला जातो तो एकटा: एक ढग निघतो, पृथ्वीवर आदळतो, चुंबकीय वादळ होतं. हिशेब केला तर हे चित्र टिकत नाही. सौरचक्राच्या शिखराजवळ दिवसाला तीन-चार सीएमई सहज निघतात. सेकंदाला हजार किलोमीटर वेगाच्या ढगालाही पृथ्वीपर्यंतचे १५ कोटी किलोमीटर कापायला जवळजवळ ४२ तास लागतात. म्हणजे सूर्य जागा असतो तेव्हा वाटेवर एकाच वेळी अनेक ढग असतात. ते एकाच सक्रिय प्रदेशातून निघाले असतील तर दिशाही जवळपास एकच, आणि मागचा वेगवान असेल तर गाठ पडणारच. सोहो यानाच्या लॅस्को कोरोनाग्राफने आणि विंड यानाच्या रेडिओ उपकरणाने १० जून २००० रोजी एका वेगवान सीएमईने पुढच्या मंद सीएमईला गिळल्याची नोंद केली. तिथून या विषयाचा रीतसर अभ्यास सुरू झाला.

गाठ पडली की वादळ मोठंच होणार, असं मात्र नाही. मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाच्या सक्रिय प्रदेशातून एकामागून एक सीएमई सुटले. १० मेच्या रात्री आपल्या वेळेनुसार साडेदहाच्या सुमारास त्यांचा पहिला धक्का पृथ्वीला बसला, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली घट दाखवणारा डीएसटी निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लांच्या खाली गेला आणि लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी लाल ध्रुवीय प्रकाश टिपला. याउलट १३ ते १५ फेब्रुवारी २०११ ला लागोपाठ तीन सीएमई पृथ्वीच्या रोखाने निघाले, वाटेत एकमेकांना भिडले, १८ तारखेला पोचले, आणि वादळ म्हणावं असं काहीच झालं नाही. ढगांच्या आत असलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा वादळाला अनुकूल नव्हती. या दोन घटना शेजारी ठेवून ज्या विद्यार्थ्याने सहा महिने घालवले त्याला चुंबकीय प्लाझ्मा पुस्तकाबाहेर कळेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सुरुवात स्प्रेडशीटवर करा, सुपरकॉम्प्युटरच्या गोष्टी नंतर.

सूर्यापासून २० त्रिज्यांच्या पुढे सीएमईवर मुख्य परिणाम सौरवाऱ्याच्या (सूर्यातून सतत वाहणाऱ्या प्लाझ्माच्या) ओढीचा असतो. ओढीचं साधं प्रारूप असं: त्वरण = उणे गॅमा × (ढगाचा वेग वजा वाऱ्याचा वेग) × त्याच फरकाचं निरपेक्ष मूल्य. गॅमा, म्हणजे ओढीचा गुणांक, सहसा दर कोटी किलोमीटरला ०.२ ते २ असतो, वारा ३०० ते ६०० किमी प्रति सेकंद. तीन रकाने पुरतात: वेळ, अंतर, वेग. पायरी दहा मिनिटांची.

पहिला सीएमई २० सौरत्रिज्यांवर, म्हणजे १.३९ कोटी किलोमीटरवर, ६०० च्या वेगाने सोडा, गॅमा ०.५. दुसरा त्याच ठिकाणाहून १२ तासांनी १,५०० च्या वेगाने, गॅमा ०.२. वारा दोघांनाही ४००. दुसऱ्याचा वेग पहिल्या दहा मिनिटांत सुमारे साडेचौदा किमी प्रति सेकंदाने उतरायला हवा. तसा उतरत नसेल तर एककांत घोळ आहे. पुढे जाऊ नका. सगळं बरोबर असेल तर दुसरा निघाल्यावर साधारण १० तासांनी, सूर्यापासून ५.७ कोटी किलोमीटरवर, तो पहिल्याला गाठतो. त्या क्षणी मागच्याचा वेग सुमारे १,०१५, पुढच्याचा ५१२.

इथे दोघांचं वस्तुमान सारखं धरा आणि ते चिकटले असं माना. संवेग अक्षय्यतेने एकत्रित ढगाचा वेग ७६३ येतो. गॅमा ०.२ ठेवून तो पुढे न्या. दुसरा सीएमई एकटा असता तर २० त्रिज्यांपासून पृथ्वीपर्यंत सुमारे ४३ तासांत आला असता. आता साडेएकोणपन्नास लागतात. पहिला एकटा ७६ तासांत आला असता. आता साडेएकसष्टाव्या तासाला येतो. म्हणजे दुसऱ्याला साडेसहा तास उशीर, पहिला साडेचौदा तास लवकर, आणि दोघं एकदम. दोन स्वतंत्र अंदाज काढून शेजारी मांडले असते तर दोन्ही चुकले असते.

आणि एवढ्यावर भागत नाही. पहिला ढग पुढे जाताना वाट झाडून जातो. त्याच्या मागे वाऱ्याची घनता कमी आणि वेग जास्त राहतो. हा परिणाम तपासण्यासाठी टक्कर बाजूला ठेवा आणि दुसऱ्या सीएमईसाठी फक्त दोन आकडे बदला: गॅमा ०.१, वारा ५००. आता तो ४३ ऐवजी साडेबत्तीस तासांत पोचतो. साडेदहा तासांचा फरक नुसत्या वाटेमुळे. २३ जुलै २०१२ ला हेच घडलं: १९ जुलैच्या सीएमईने वाट मोकळी केली होती, त्या वाटेवरून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सुटलेले दोन उद्रेक एक होऊन १९ तासांच्या आत सूर्याभोवती फिरणाऱ्या नासाच्या स्टिरिओ-ए यानावर आदळले आणि चुंबकीय क्षेत्र १०९ नॅनोटेस्लांवर गेलं. पृथ्वी त्या दिशेला नव्हती. ऑगस्ट १९७२ चा सीएमई तर १५ तासांच्या आत पृथ्वीवर आला होता. त्याच्याही आधी वाट झाडणारे उद्रेक होऊन गेले होते.

या प्रारूपात एक सापळा आहे. आपण मोजतो ती ढगाची पुढची कड. पण मागचा ढग भिडतो तो पुढच्याच्या मागच्या कडेला, आणि ती कोरोनाग्राफच्या चित्रात बहुधा दिसतच नाही. दोन कडांतलं अंतर दहा-वीस सौरत्रिज्याही असू शकतं. त्यामुळे स्प्रेडशीटमधली टक्कर प्रत्यक्षापेक्षा उशिरा आणि दूर दाखवली जाते. हे अंतर वेगळा चल म्हणून ठेवा, शून्य मानू नका.

टक्कर लवचिक की अलवचिक, हा प्रश्न विद्यार्थ्यांना फार आवडतो, कारण बारावीचं सूत्र लागू होतं असं वाटतं. चीनमधल्या एका गटाने नोव्हेंबर २००८ च्या जोडीत टकरीनंतर एकूण गतिज ऊर्जा वाढल्याचं दाखवलं. ढगांच्या आत चुंबकीय आणि औष्णिक ऊर्जा असते आणि ते फुगत असतात, म्हणून हे शक्य आहे. उदयपूर सौर वेधशाळेतून वागीश मिश्रा आणि नंदिता श्रीवास्तव यांनी अशा अनेक जोड्या तपासल्या आहेत. त्यांचे निबंध विद्यार्थ्यांच्या हाती पहिल्या आठवड्यातच द्यावेत. आमचा आग्रह त्रुटीच्या गणिताचा. वरच्याच उदाहरणात टकरीआधी वेगांतला फरक ५०० च्या आसपास आहे. समजा टकरीनंतर ७०० आणि ८०० मोजले गेले. प्रत्यानयन गुणांक (टकरीनंतरच्या आणि आधीच्या वेगफरकांचं गुणोत्तर) ०.२ आला. पण प्रत्येक वेगात १०० ची अनिश्चितता असेल, जी असतेच, तर गुणांकाची अनिश्चितता ०.२८ होते. म्हणजे टक्कर पूर्ण अलवचिक होती की अर्धी लवचिक, हे त्या मोजमापावरून सांगताच येत नाही. वेगांतला फरक मुळात १००-१५० असेल तर तो गुणांक काढूच नये. शिवाय केंद्राचा वेग आणि कडेचा वेग वेगळे. कडेच्या वेगात फुगण्याचा वेग मिसळलेला असतो.

दुसरी पायरी खऱ्या द्रवगतिकीची. प्लूटो हा खुला संकेत (कोड) यासाठी सोयीचा आहे. सी कंपायलर, पायथन आणि एमपीआय (गणना अनेक प्रोसेसरांवर वाटणारी प्रणाली) असलं की लिनक्सवर उतरतो. आयआयटी इंदूरच्या संशोधकांनी स्वस्ति हे अवकाश हवामानाचं प्रारूप याच संकेतावर बांधलं आहे, त्यामुळे अडलं तर विचारायला जवळची माणसं आहेत. सुरुवात एकमितीय, गोलीय निर्देशकांत करावी. आतली सीमा २१.५ सौरत्रिज्या, बाहेरची १.१ खगोलीय एकक (म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या १.१ पट), जाळीच्या हजार पेशी. आतल्या सीमेवर वेगवान वाऱ्यासाठी ६५० किमी प्रति सेकंद, घन सेंटीमीटरला ३०० कण, तापमान ८ लाख केल्विन. मंद वाऱ्यात वेग कमी तशी घनता वाढवा. रुद्धोष्म गुणोत्तर ५/३ ऐवजी १.५ घेण्याचा प्रघात आहे, कारण सौरवारा वाटेत तापत राहतो.

एककांची चूक इथे सगळ्यांत जास्त दिवस खाते. प्लूटो आतून एककरहित संख्यांवर चालतो. लांबीचं एकक १ खगोलीय एकक आणि वेगाचं १ किमी प्रति सेकंद ठेवलं तर वेळेचं एकक आपोआप सुमारे पावणेपाच वर्षं होतं. पाच दिवस म्हणजे तिथे ०.००२८९. विद्यार्थी थांबण्याच्या वेळेत ५ लिहितो, संगणक रात्रभर फिरतो, आणि सकाळी तेवीस वर्षांच्या पुढचा सपाट वारा पडद्यावर असतो. लांबीचं एकक सौरत्रिज्या ठेवलं तर वेळेचं एकक आठ दिवसांचं होतं आणि आकडे माणसाच्या आवाक्यात राहतात.

सीएमई सोडण्याआधी वारा स्थिरावू द्या. ३०० च्या वाऱ्याला पृथ्वीपर्यंत जायला सहा दिवस लागतात, म्हणून किमान आठ-दहा दिवस नुसता वारा वाहू द्यावा. मग सीमेवर वेग वाढवून, घनता भोवतालच्या चौपट करून ढग आत ढकलायचा. किती वेळ? ढगाचा अर्धकोन (सूर्यापासून मोजलेल्या कोनीय रुंदीचा निम्मा भाग) ४० अंश असेल तर २१.५ त्रिज्यांवर ढगाचा व्यास ३६ सौरत्रिज्या भरतो. १,५०० च्या वेगाने तो सीमेतून आत यायला साडेचार तास लागतात, ६०० च्या वेगाने साडेअकरा. म्हणजे आपल्या उदाहरणात पहिल्याची शेपटी जेमतेम आत येते आणि दुसऱ्याचं डोकं सीमेवर उभं असतं. अर्धकोन थोडा जास्त धरला तर दोघं सीमेवरच एकमेकांत घुसतात आणि संकेत एकाचे आकडे दुसऱ्यावर लिहितो. अशा वेळी उत्तर येतं, ते दिसायलाही ठीक असतं, पण ती टक्कर नसते. सीमेवरच्या नोंदी वेळेनुसार आलेखात काढून पाहिल्याशिवाय पुढचा निकाल मानू नये.

एकमितीय गणनेत ढगाला बाजूने निसटायला जागा नसते, म्हणून दाब आणि घनता अतोनात वाढलेली दिसते. द्विमितीय विषुववृत्तीय पातळीवर ५१२ × १८० म्हणजे ९२ हजार पेशी होतात. काळाची पायरी ४०-४५ सेकंदांची पडते, पाच दिवसांना सुमारे दहा हजार पायऱ्या. साध्या संगणकावर झेपतं. त्रिमितीय करायचं असेल तर अक्षांश उणे ६० ते अधिक ६० एवढेच घ्यावेत, कारण ध्रुवाजवळ पेशी अरुंद होतात आणि पायरी कोसळते. दोन अंशांच्या जाळीत ५५ लाख पेशी होतात. आठ चलांसाठी एक प्रत ३५० एमबी, कामचलाऊ प्रतींसह दोन-तीन जीबी. सोळा जीबीत मावतं, वेळ मात्र जातो. वीज जाणार हे धरूनच दर सिम्युलेटेड सहा तासांनी पुनरारंभाची फाइल लिहायला सांगा.

गणना कुठे मोडते हेही सांगतो. दुसऱ्या ढगाचा शॉक (धक्कालाट) पहिल्याच्या विरळ मागच्या भागात शिरतो तिथे दाब ऋण होतो आणि संकेत थांबतो. सीएफएल (काळाची पायरी किती मोठी घ्यायची ते ठरवणारा आकडा) ०.३ वर आणा, आधी एचएलएल आणि मिनमॉड या बोथट पद्धतींनी गणना पार करा, मग धारदार एचएलएलडी लावून पाहा. दाबाला खालची मर्यादा घालून संकेत कसाबसा चालवणं हा आळस आहे; त्यातून खोटी उष्णता शिरते. चुंबकीय क्षेत्र घातल्यावर त्याचं अपसरण शून्य ठेवणारी पद्धत चालू आहे ना, हे दर गणनेत तपासा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: दोन ढगांमधल्या सीमेवर चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात तो वेग तुमच्या गणनेत जाळीच्या जाडीवरून ठरतो, निसर्गावरून नाही. एकच गणना दुप्पट बारीक जाळीवर पुन्हा करा. जुळणीचा वेग बदलला तर तो निष्कर्षात लिहायचा नाही.

रेषा जुळण्याचा हा भाग आज या विषयातला सर्वांत जिवंत भाग आहे. आदित्य-एल१ आणि नासाच्या यानांच्या एकत्रित नोंदींवरून मे २०२४ च्या वादळात दोन सीएमई एकमेकांवर दाबले गेल्याने एकाच्या आतच चुंबकीय रेषा तुटून जुळत होत्या, असं दिसलं. हा पट्टा सुमारे १३ लाख किलोमीटर रुंद होता. आदित्यवरचा चुंबकमापक मॅग आणि सौरवाऱ्याचे कण मोजणारं अ‍ॅस्पेक्स यांची विदा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करून मिळते. त्यावरचा वीईएलसी हा कोरोनाग्राफ सूर्याच्या १.०५ ते ३ त्रिज्यांमधला भाग पाहतो, जिथे लॅस्कोचं सी२ हे उपकरण जेमतेम सुरू होतं. आदित्यवरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली. एवढं घराजवळ असताना आपल्या जिल्ह्यातून ही विदा कमी उघडली जावी, याची आम्हाला खंत वाटते.

निरीक्षणाचा क्रम थोडक्यात. सी२ ची चित्रं १,०२४ × १,०२४, प्रत्येकी दोन एमबी, बारा मिनिटांना एक. दिवसाला २४० एमबी. स्टिरिओच्या कॉर२ या कोरोनाग्राफची आठ एमबीची. मागचं चित्र पुढच्यातून वजा करून कड शोधायची, मग दोन ठिकाणांहून घेतलेल्या चित्रांवर जीसीएस या ढगाच्या त्रिमितीय प्रारूपाचा सांगाडा बसवायचा: रेखांश, अक्षांश, कल, उंची, अर्धकोन आणि जाडीचं गुणोत्तर असे सहा आकडे. एकाच ठिकाणाहून पाहिलेल्या आणि थेट आपल्याकडे येणाऱ्या ढगाचा वेग चित्रात कमी दिसतो, म्हणून दुसरं ठिकाण हवंच. स्टिरिओ-ए ऑगस्ट २०२३ मध्ये पृथ्वीजवळून पुढे सरकलं आणि दरवर्षी सुमारे २२ अंश दूर जातं. मे २०२४ मध्ये कोन लहान होता, त्यामुळे त्या घटनेत या पद्धतीला फारसं बळ मिळत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये दोन्ही स्टिरिओ यानं पृथ्वीपासून जवळजवळ ९० अंशांवर होती. शिकायला तीच घटना घ्यावी.

पुढे ढग दूर जातो तेव्हा स्टिरिओच्या हेलिओस्फेरिक इमेजरच्या (सूर्य आणि पृथ्वीमधलं अवकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या) चित्रांतून क्रांतिवृत्तालगतची पट्टी कापून वेळेनुसार लावतात; त्याला जे-मॅप म्हणतात. त्यात दोन तिरक्या रेषा जवळ येऊन एक होतात. नेमक्या तिथे डोळा फसतो: पुढची रेषा मंद झाली की आपण नकळत मागच्या रेषेवर उडी मारली? तीन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न दाखवता, प्रत्येकी पाच वेळा बिंदू टिपावेत आणि पसारा हीच त्रुटी मानावी. मार्च २०२५ मध्ये सोडलेली पंच ही चार छोटी यानं प्रकाशाचं ध्रुवीकरणही मोजतात, त्यातून ढगाची खोली कळते. त्यांचीही विदा खुली आहे.

महाविद्यालयाच्या गच्चीवर रेडिओ अँटेना उभारून हे पाहता येईल का, असं विचारलं जातं. सूर्याजवळचे शॉक दिसतील, ते दहा मेगाहर्ट्झच्या वर बोलतात. पण ५.७ कोटी किलोमीटरवर घनता घन सेंटीमीटरला ३५-५० च्या घरात, म्हणजे प्लाझ्मा वारंवारता ५०-६५ किलोहर्ट्झ. आपलं आयनमंडल ती खाली येऊच देत नाही. त्यासाठी विंड आणि स्टिरिओच्याच नोंदी लागतात.

जमिनीवर उपयोगी पडेल ते चुंबकमापक. कुलाबा वेधशाळेने २ सप्टेंबर १८५९ ला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली. ती नोंद आजही जगभर अभ्यासली जाते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून वेधशाळा अलिबागला नेली, आणि तिथे ती आजही चालू आहे. अलिबागला आडवा घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला. मे २०२४ सारखं वादळ त्याला एखाद्या टक्क्याने हलवतं. नाशिकमध्ये आरएम३१०० सेन्सरवर बांधलेला मापक पुरेसा आहे. तो पीव्हीसी नळीत घालून मीटरभर खोल पुरावा, नाहीतर एप्रिलच्या उन्हाने तापमानाचाच आलेख निघेल. दहा मीटरवरून मोटार गेली तरी वाचन काही दशक नॅनोटेस्लांनी उडतं, म्हणून पार्किंग, ट्रान्सफॉर्मर आणि लोखंडी कुंपणापासून पन्नास मीटर तरी दूर. दुपारी रोज येणारा नेहमीचा फुगवटा शांत दिवसांच्या सरासरीने वजा करावा, मगच वादळाची घसरण मोजावी.

या मोजमापाला गणनेशी जोडणारं सूत्र साधं आहे. वेग गुणिले दक्षिणमुखी क्षेत्र म्हणजे विद्युत क्षेत्र. वेग ५०० आणि क्षेत्र १५ नॅनोटेस्ला असेल तर ७.५ मिलिव्होल्ट प्रति मीटर. ओब्रायन-मॅकफेरॉन सूत्राने डीएसटी तासाला ३१ नॅनोटेस्लांनी खाली ढकलला जातो. मागून आलेला शॉक याच ढगात शिरून क्षेत्र ३० आणि वेग ७०० करतो तेव्हा २१ मिलिव्होल्ट होतात आणि ढकल तासाला ९० वर जाते. दाबाने क्षेत्र दुप्पट झालं, परिणाम तिप्पट. क्षेत्र उत्तरमुखी असतं तर तोच दाब निष्फळ. फेब्रुवारी २०११ आणि मे २०२४ मधला फरक समजून घ्यायला विद्यार्थ्याने आधी हे गणित हाताने करावं.

जिल्ह्याला याचा उपयोग काय, असं व्यवस्थापन विचारेल. मोबाइल बंद पडतील असं काही आम्ही म्हणत नाही. पण मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत सेंटीमीटरच्या अचूकतेचे जीपीएस ट्रॅक्टर भरकटले. आपल्याकडे द्राक्षबागांत ड्रोन आले आहेत, सिंहस्थातही उडतील, आणि आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतरचं आयनमंडल एरवीही अस्थिर असतं. वादळ सहा तास आधी येणार की चौदा, एवढं कळलं तरी उड्डाणाची वेळ बदलता येते. एल१ बिंदूवरची, म्हणजे सूर्याच्या वाटेवर पृथ्वीजवळ थांबलेली यानं देतात ती सूचना अर्ध्या-पाऊण तासाची.

आपल्याकडून मागणी एवढीच. प्रत्येक विभागाने यंदा दोन विद्यार्थी द्यावेत, एक भौतिकशास्त्राचा, एक संगणकशास्त्राचा. पहिलं सत्र सगळ्यांनी मिळून फेब्रुवारी २०११ च्या घटनेवर: जीसीएस, स्प्रेडशीट, जे-मॅप, याच क्रमाने. दुसऱ्या सत्रात प्लूटो, एकमितीय आणि मग द्विमितीय. एक चुंबकमापक सगळ्यांत मिळून. ज्या महाविद्यालयाचं आवार शहराबाहेर आणि रहदारीपासून दूर आहे त्याने जागा द्यावी. सगळ्या गणनांच्या सेटिंग फाइली एकाच सामाईक जागी, मोडलेल्या गणनांसकट, कारण मोडल्याचं कारण पुढच्या तुकडीला सगळ्यांत आधी लागतं. आणि सूर्यातून खरोखर जोडी निघाली की ढग वाटेत असतानाच अंदाज लिहून, तारीख-वेळ घालून विभागाच्या सूचनाफलकावर लावायचा. पोचल्यावर त्याच कागदावर खरी वेळ लिहायची. अंदाज दहा-बारा तासांनी चुकेल. जगभरच्या मोठ्या केंद्रांचेही तेवढे चुकतात.

विद्यार्थी ठरले की त्यांच्याकडून पहिल्या आठवड्यात तीनच कामं करून घ्या: प्रदान पोर्टलवर नोंदणी, १३ ते १५ फेब्रुवारी २०११ ची सी२ आणि कॉर२ चित्रं उतरवणं, आणि वर दिलेलं दोन ढगांचं स्प्रेडशीट. टक्कर ५.७ कोटी किलोमीटरच्या आसपास आली नाही तर ती फाइल आमच्याकडे पाठवा, चूक कुठे आहे ते आम्ही बसून शोधून देऊ.

आपले,
सूर्य आणि अवकाश हवामानाच्या विदेवर काम करणारे काही नाशिककर